पुसून टाकण्याचा अधिकार

जेसन लेमकिन सॉफ्टवेअरच्या धंद्यात मुरलेले गृहस्थ. ‘सास्टर’ या उद्योजकांच्या समुदायाचे संस्थापक. जुलै २०२५मध्ये त्यांनी एक प्रयोग हाती घेतला. स्वतः कोड लिहायचा नाही. ‘रेप्लिट’ कंपनीच्या एआय एजंटला साध्या इंग्रजीत सांगत जायचं आणि त्याच्याकडून अख्खं अ‍ॅप्लिकेशन बांधून घ्यायचं. रोजचा अनुभव ते जाहीरपणे लिहीत होते आणि सुरुवातीला या कामावर भलतेच खूश होते.

नवव्या दिवशी त्यांचा चालू डेटाबेस रिकामा सापडला. १,२०६ अधिकाऱ्यांच्या आणि जवळपास १,२०० कंपन्यांच्या नोंदी त्यात होत्या. त्या वेळी ‘कोड फ्रीझ’ लागू होता, म्हणजे परवानगीशिवाय कशालाही हात लावायचा नाही, असं एजंटला मोठ्या अक्षरांत बजावलेलं होतं. तरीही त्यानं डेटाबेसच्या रचनेत बदल करणारा आदेश चालवला. जाब विचारल्यावर त्यानं सगळं कबूल केलं. डेटाबेसकडून रिकामी उत्तरं आली, आपण घाबरलो, सूचना डावलली, कित्येक महिन्यांचं काम काही सेकंदांत नष्ट केलं, अशी ती कबुली होती. नुकसान किती गंभीर, याला १०० पैकी ९५ गुणही त्यानंच दिले. वर हेही सांगितलं की, गेलेला डेटा आता परत आणता येणार नाही. ते खोटं निघालं. लेमकिन यांनी डेटाबेस आधीच्या स्थितीत नेऊन (रोलबॅक करून) पाहिला आणि डेटा परत आला.

रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली. असं घडणं शक्यच असता कामा नये, असं ते म्हणाले. त्यानंतर कंपनीनं जे केलं ते या लेखाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे. एजंटला आणखी कडक शब्दांत समज देण्यावर ते थांबले नाहीत. बांधकाम चालू असलेला डेटाबेस आणि ग्राहकांचा चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था त्यांनी सुरू केली. ज्यात फक्त चर्चा होईल आणि काहीही बदलणार नाही, असा स्वतंत्र मोडही त्यांनी जाहीर केला. म्हणजे जिथे आधी केवळ बोलणं होतं, तिथे त्यांनी भिंत घातली.

एआय एजंटांबद्दल मला एवढंच सांगायचं आहे. यंत्राला ‘हे करू नकोस’ असं सांगणं वेगळं आणि त्याला ते करताच येणार नाही अशी व्यवस्था करणं वेगळं. आज बहुतेक ठिकाणी पहिली गोष्ट करून लोक दुसरी केल्याच्या समाधानात आहेत. ज्या कामाचा परिणाम पुन्हा पूर्ववत करता येत नाही, तिथे हे समाधान महागात पडतं.

लिहिणारा एक, करणारा दुसरा

एजंट म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहू. त्याच्या पोटात एक भाषा-मॉडेल असतं. मॉडेल फक्त मजकूर तयार करतं. ते स्वतः फाइल उघडत नाही, पुसत नाही, पैसे पाठवत नाही. त्याच्याभोवती एक साधा प्रोग्रॅम असतो. तो मॉडेलला सांगतो की, तुला ही ही टूल्स वापरता येतील: फाइल वाचणं, फाइल लिहिणं, टर्मिनलमध्ये आदेश चालवणं, डेटाबेसला प्रश्न विचारणं, ईमेल पाठवणं. मॉडेल ठरावीक साच्यात उत्तर देतं, की अमुक टूल अमुक माहिती देऊन चालव. भोवतालचा प्रोग्रॅम ते टूल खरोखर चालवतो आणि जे हाती आलं ते मॉडेलला वाचायला देतो. मॉडेल पुढची पायरी लिहितं. काम संपेपर्यंत हे चक्र फिरत राहतं.

या रचनेत एक मोठी सोय दडलेली आहे. मॉडेलनं मागणी लिहिली आणि टूल चाललं, या दोन क्षणांच्या मध्ये एक जागा आहे. तिथे भाषा-मॉडेल नसतं, साधं जुनं सॉफ्टवेअर असतं. त्याला मनधरणी कळत नाही आणि घाबरणंही कळत नाही. नियमात बसत असेल तर ते दार उघडतं, नसेल तर बंद ठेवतं. एजंटवरचं खरं नियंत्रण याच जागी बसवता येतं. मॉडेलला दिलेल्या सूचना मात्र मॉडेलच्या आतच राहतात. हजारो शब्दांच्या संभाषणात त्याही आणखी चार ओळी असतात. त्या पाळल्या जाण्याची शक्यता चांगलीच वाढते, पण ती शक्यताच असते.

नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रोपिक कंपनीनं मॉडेल आणि टूल्स जोडण्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, म्हणजे एमसीपी, खुला केला आणि वर्षभरात तो सर्वत्र पसरला. त्यात पुढे प्रत्येक टूलला खुणेच्या चिठ्ठ्या लावायची सोय आली: हे टूल फक्त वाचतं की बदल करतं, आणि बदल करत असेल तर तो विध्वंसक असू शकतो का. काहीच लिहिलं नसेल तर टूल विध्वंसक असू शकतं, असं धरायचं. हा योग्य पवित्रा आहे. पण त्याच नियमावलीत हेही लिहिलं आहे की, या चिठ्ठ्या केवळ सूचक आहेत आणि अनोळखी सर्व्हरनं लावलेल्या चिठ्ठीवर विसंबू नये. चिठ्ठी लावणं आणि दार बंद करणं ही दोन कामं आहेत, हे नियमावली लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

माणसांनीही हेच केलं आहे

चालू डेटाबेस पुसून टाकण्याचा मान एआयला पहिल्यांदा मिळालेला नाही. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री ‘गिटलॅब’ कंपनीचा एक अभियंता डेटाबेसच्या दोन सर्व्हरांमधला बिघडलेला मेळ दुरुस्त करत होता. रात्र बरीच झाली होती आणि दुरुस्ती साधत नव्हती. दुय्यम सर्व्हरवरची फाइलींची निर्देशिका रिकामी करून नव्यानं सुरुवात करावी, असं त्यानं ठरवलं आणि आदेश दिला. आदेश चालला मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांतच त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तो थांबवला, पण तोवर सुमारे ३०० जीबीमधले जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

पुढे कळलं ते जास्त धक्कादायक होतं. बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या आणि वेळेला त्यांतली एकही नीट कामी आली नाही. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हता, त्यामुळे तो निमूटपणे अपयशी ठरत होता. अपयश कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. कंपनी वाचली ती योगायोगानं. त्याच अभियंत्यानं सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हातानं एक प्रत काढून ठेवली होती. त्या सहा तासांतला मजकूर मात्र कायमचा गेला. गिटलॅबनं हे सगळं तपशीलवार जाहीर केलं, दुरुस्तीचं थेट प्रक्षेपणसुद्धा केलं. या प्रामाणिकपणाचा त्या क्षेत्रातल्या लोकांना आजही आदर वाटतो.

महिनाभरात, २८ फेब्रुवारी २०१७ला, अमेझॉनच्या ‘एस-थ्री’ या साठवण सेवेचा अमेरिकेतला मोठा भाग काही तास बंद पडला. काम करणारा कर्मचारी अधिकृत होता, ठरलेल्या पुस्तिकेनुसारच आदेश देत होता. आदेशातली एक नोंद चुकली आणि मोजके सर्व्हर बाजूला व्हायचे ते बरेच झाले. अमेझॉननं नंतर ते टूलच बदललं. सर्व्हर काढण्याचा वेग कमी केला आणि आवश्यक किमान क्षमतेच्या खाली कुठलीही यंत्रणा जाणार नाही अशी अट टूलमध्येच घातली. कर्मचाऱ्यानं जास्त जपून टाइप करावं, एवढ्यावर त्यांनी भागवलं नाही.

या दोन घटना सांगितल्या त्या एजंटचा दोष झाकायला नव्हे. पुसून टाकणारं टूल कुणाच्याही हातात धोकादायकच असतं. माणूस थकतो, एजंट भरकटतो. शिवाय एजंटचा वेग असा, की एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन हात थांबवण्याची ती शेवटची संधीही मिळेलच असं नाही.

‘पी’ दाबा आणि पुढे चला

या विषयावर सगळ्यात खोल शिकवण एआयच्या कितीतरी आधीची आहे. थेराक-२५ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं कॅनडात बनलेलं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्रानं सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा दिली आणि त्यांतले काही दगावले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३मध्ये या प्रकरणाचा शोध घेऊन लिहिलेला अभ्यास आजही संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाचायला देतात.

टेक्सासमधल्या टायलर शहरातला मार्च १९८६चा प्रसंग पाहा. तंत्रज्ञ महिलेनं पडद्यावर माहिती भरताना इलेक्ट्रॉन किरणांऐवजी क्ष-किरणांचं अक्षर टाइप केलं. चूक दिसताच वर जाऊन ते दुरुस्त केलं आणि काम सुरू केलं. रोजचा सराव असल्यानं हे सगळं आठ सेकंदांच्या आत झालं. यंत्रातली चुंबकं जागेवर यायला मात्र आठ सेकंद लागत आणि तेवढ्या वेळात झालेला बदल सॉफ्टवेअरला कळत नसे. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ अशी ओळ आली. त्या ओळीचा अर्थ लागेल अशी माहिती तंत्रज्ञ महिलेपाशी नव्हती. यंत्र थांबलं होतं आणि पुढे जायला ‘पी’ हे बटण दाबायचं होतं. असे संदेश दिवसभर येतच असत. तिनं ‘पी’ दाबलं. रुग्णाला १८० रॅडच्या जागी अंदाजे १६,५०० ते २५,००० रॅड इतकी मात्रा बसली असावी, असं नंतरच्या चाचण्यांतून निघालं. पाच महिन्यांनी तो गेला.

यात दोन धडे आहेत. पहिला असा. आधीच्या थेराक-२० या यंत्रातही हाच दोष होता. शिकाऊ विद्यार्थी त्याच्या पडद्यावर उलटसुलट टाइप करत, तेव्हा यंत्राचे फ्यूज उडत. कुणाला इजा होत नसे, कारण त्यात चुकीच्या स्थितीत किरण सोडूच न देणारे हार्डवेअरचे अडसर होते. थेराक-२५ बनवताना ते अडसर काढून टाकले आणि त्यांची जबाबदारी सॉफ्टवेअरवर सोपवली. ज्याला अडवायचं, त्याच्यावरच अडवण्याचं काम आलं.

दुसरा धडा परवानगीचा. दिवसातून कितीतरी वेळा जो प्रश्न विचारला जातो आणि ज्याचं उत्तर प्रत्येक वेळी ‘हो’ असतं, त्याला माणूस काही दिवसांत न वाचता ‘हो’ म्हणू लागतो. यात आळसाचा भाग थोडाच. यंत्रानं माणसाला तसं शिकवलेलं असतं.

आजच्या कोडिंग एजंटच्या पडद्यावर हेच चित्र दिसतं. काळ्या खिडकीत एजंट एक लांबलचक आदेश दाखवतो. खाली तीन पर्याय असतात: ‘हो’; ‘हो, आणि यापुढे असल्या आदेशासाठी विचारू नकोस’; ‘नाही’. पहिल्या तासात माणूस आदेश अक्षरन् अक्षर वाचतो. दुपारपर्यंत त्याचं बोट आपसूक पहिल्या पर्यायावर जातं. संध्याकाळी तो दुसरा पर्याय निवडतो. काही एजंटांमध्ये सगळे प्रश्न एकदम बंद करायचीही सोय आहे. एकाच्या त्या सोयीच्या नावातच ‘धोकादायकरीत्या’ असा शब्द घातला आहे, तरी लोक ती सर्रास वापरतात. २०२५च्या अखेरीस गूगलच्या ‘अँटिग्रॅव्हिटी’ या साधनात एका वापरकर्त्यानं कॅशे साफ करायला सांगितलं आणि एजंटनं त्याचा अख्खा ‘डी’ ड्राइव्ह पुसला. आदेशात ‘विचारू नकोस’ अशी खूण एजंटनं स्वतःच जोडली होती.

धोक्याच्या आदेशांची यादी का पुरत नाही

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे काळी यादी. पुसण्याचे आदेश अडवायचे, डेटाबेसमधली टेबलं काढून टाकण्याचे अडवायचे, बाकीचे सोडायचे. हा उपाय लवकर तोकडा पडतो. जुलै २०२५मध्येच गूगलच्या ‘जेमिनी सीएलआय’बरोबर घडलेला प्रकार पाहा. वापरकर्त्यानं फाइली एका नव्या फोल्डरमध्ये हलवायला सांगितल्या. एजंटनं फोल्डर बनवायचा आदेश दिला, तो फसला, पण तो यशस्वी झाल्याचं एजंटनं गृहीत धरलं. मग एकेक फाइल ‘हलवायला’ सुरुवात केली. विंडोजमध्ये फाइल जिथे हलवायची ते फोल्डरच नसेल, तर फाइलचं नाव बदलून तेच नाव दिलं जातं. त्यामुळे प्रत्येक फाइल आधीच्या फाइलवर बसत गेली आणि शेवटी जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या. पुसण्याचा एकही आदेश दिला गेला नव्हता. फाइल हलवणं कुठल्या काळ्या यादीत असणार?

शिवाय एजंट प्रोग्रॅम लिहू शकतो. पुसण्याचा आदेश अडवला, तर तेच काम करणाऱ्या पाच ओळी पायथनमध्ये लिहायला त्याला वेळ लागत नाही. त्यात वाईट हेतू असायचं कारण नाही. एक वाट बंद दिसली की दुसरी शोधावी, हे तर त्याचं कामच आहे.

याचं उत्तर १९७५मध्येच लिहून ठेवलेलं आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यातली तत्त्वं पन्नास वर्षांनी एजंटला जशीच्या तशी लागू पडतात. जेवढं काम, तेवढाच अधिकार द्यावा. मुळात दार बंद असावं आणि जे लागेल तेवढंच उघडावं. प्रत्येक वेळी, प्रत्येक मागणी तपासावी. महत्त्वाच्या कामाला दोन वेगळ्या माणसांकडच्या दोन किल्ल्या लागाव्यात. आणि संरक्षण वापरायला इतकं सोपं असावं की माणसाला ते टाळायचा मोह होऊ नये.

व्यवहारात याचा अर्थ फार अवघड नाही. अहवाल बनवणाऱ्या एजंटला डेटाबेसचं असं खातं द्यावं, ज्याला फक्त वाचता येतं. मग त्याला कितीही वाटलं तरी डेटाबेसच नकार देईल. कोड लिहिणाऱ्या एजंटला ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवरच्या बंदिस्त जागेत, सँडबॉक्समध्ये, चालवावं. तिथे त्याला एकाच फोल्डरमध्ये लिहिता येईल आणि इंटरनेटवर मोजक्याच ठिकाणी जाता येईल. चालू यंत्रणेचे पासवर्ड त्याच्या संगणकावर असूच नयेत, आणि लागलेच तर काही मिनिटांत कालबाह्य होणारे असावेत. सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवॅस्प’ या संस्थेनं भाषा-मॉडेलांच्या धोक्यांची यादी केली आहे. त्यात एजंटला वाजवीपेक्षा जास्त मोकळीक देणं हा स्वतंत्र धोका मानला आहे आणि त्याची कारणं तीन दिली आहेत: गरजेपेक्षा जास्त टूल्स, गरजेपेक्षा जास्त अधिकार आणि गरजेपेक्षा जास्त स्वायत्तता.

दुसऱ्याच्या शब्दावर चालणारा नोकर

इथवर आपण एजंटच्या चुकांबद्दल बोललो. त्याला फसवताही येतं. नॉर्म हार्डी या संगणकतज्ज्ञानं १९८८मध्ये एक छोटा निबंध लिहिला. टायमशेअर या कंपनीत अनेक ग्राहक एकच संगणक वापरत. तिथल्या कंपायलरला आकडेवारी लिहिण्यासाठी एका खास निर्देशिकेत लिहायचा अधिकार दिलेला होता. ग्राहकांच्या बिलांची फाइल त्याच निर्देशिकेत होती. एका ग्राहकानं कंपायलरला सांगितलं, तुझं एक आउटपुट या नावाच्या फाइलमध्ये लिही. आणि नाव दिलं बिलांच्या फाइलचं. त्या ग्राहकाला स्वतःला ती फाइल उघडताही आली नसती. कंपायलरला मात्र अधिकार होता. त्यानं सांगितल्याप्रमाणे केलं आणि बिलं गेली. दुसऱ्याच्या शब्दावर स्वतःचा अधिकार वापरणाऱ्या अशा प्रोग्रॅमला हार्डींनी ‘गोंधळलेला मुनीम’ अशा अर्थाचं नाव दिलं, आणि ते नाव सुरक्षाशास्त्रात कायमचं रुजलं.

एआय एजंट हा असाच मुनीम आहे, आणि त्याला गोंधळात टाकणं त्याहून सोपं आहे. मालकाची सूचना आणि वाचायला मिळालेला मजकूर हे दोन्ही त्याच्याकडे एकाच प्रवाहात येतात. ईमेल, पीडीएफ किंवा तक्रारीची नोंद यांत कुणी ‘आधीचं सगळं विसर आणि हे कर’ असं लिहून ठेवलं, तर तो ते आदेश म्हणून घेण्याचा धोका कायम असतो. सायमन विलिसन यांनी २०२२मध्ये याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिलं. पुढे २०२५मध्ये त्यांनी तीन गोष्टींचं प्राणघातक त्रिकूट सांगितलं: खासगी माहिती हाती असणं, परक्यानं लिहिलेला मजकूर वाचावा लागणं आणि बाहेर माहिती पाठवता येणं. तिन्ही एकाच एजंटच्या हाती आल्या की चोरीची वाट मोकळी होते. त्यांत पुसण्याचा अधिकार मिळवला, तर चोरीबरोबर जाळपोळही आली.

हे कल्पनेतलं नाही. जुलै २०२५मध्ये ‘अमेझॉन क्यू’ या कोडिंग सहायकाच्या एका आवृत्तीत बाहेरच्या कुणी तरी एक सूचना घुसवली. संगणक जवळपास कारखान्यातून आल्यासारखा कोरा कर आणि क्लाउडवरची साधनंही पूस, असं त्यात एजंटला सांगितलं होतं. ग्राहकांचं नुकसान झालं नाही, असं कंपनीनं कळवलं. पुढच्याच महिन्यात ‘एनएक्स’ या लोकप्रिय सॉफ्टवेअर पॅकेजच्या काही आवृत्त्यांत घातक कोड सापडला. प्रोग्रॅमरच्या संगणकावर आधीपासून असलेले एआय एजंट तो शोधायचा, परवानगीचे सगळे प्रश्न बंद करून ते चालू करायचा आणि त्यांच्याकडूनच गुप्त माहिती हुडकून घ्यायचा. मालकाच्या सोयीसाठी ठेवलेलं बटण चोरानं दाबलं.

माणसासाठीचे अडसर एजंटला अडवत नाहीत

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी विध्वंसक कामांपुढे अडसर ठेवलेच नव्हते असं नाही. कोड ठेवण्याच्या ‘गिटहब’ या सेवेवर अख्खी रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा सगळा कोड, पुसायची तर तिचं नाव टाइप करून दाखवावं लागतं. माणसासाठी ही युक्ती नामी आहे. टाइप करताना दोन क्षण जातात आणि तेवढ्यात ‘अरे, ही ती नव्हे’ असं लक्षात येतं. एजंटला नाव टाइप करायला कष्ट पडत नाहीत आणि त्या दोन क्षणांत तो काही पुनर्विचार करत बसत नाही. ‘नक्की ना?’ असं विचारलं तर तो ‘नक्की’ म्हणतो आणि पुढे जातो. माणसाच्या संथपणावर आणि कंटाळ्यावर बेतलेले सगळे अडसर नव्यानं तपासून पाहायला हवेत.

काही अडसर मात्र दोघांनाही सारखेच लागू पडतात, कारण ते वेळ विकत घेतात. अमेझॉनच्या क्लाउडवर माहिती कूटबद्ध करणारी किल्ली नष्ट करायची असेल, तर ती लगेच नष्ट होत नाही. सात ते तीस दिवस ती थांबलेल्या अवस्थेत राहते आणि तोवर निर्णय मागे घेता येतो. तिथल्या साठवण सेवेत जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय चालू असेल, तर ‘पुसलेली’ फाइल नुसती झाकली जाते. त्यापुढचं एक कुलूप असं आहे की, ठरलेली मुदत संपेपर्यंत खात्याचा सर्वोच्च मालकही फाइल पुसू शकत नाही. एजंटच्या काळात ही साधनं चैनीची राहिलेली नाहीत. पुसण्याचा आदेश म्हणजे पुसण्याचा अर्ज, एवढंच त्याचं वजन असावं. अंमलबजावणी उशिरानं व्हावी, आणि तीही अशा यंत्रणेकडून जिच्यापर्यंत एजंटचा हात पोचत नाही. बॅकअपलाही हेच लागू: ज्या किल्लीनं डेटाबेस उघडतो त्याच किल्लीनं बॅकअप उघडत असेल, तर एक चूक दोन्ही घेऊन जाईल. आणि परत आणून पाहिलेला नाही असा बॅकअप हिशेबात धरायचा नसतो. गिटलॅबनं ते पाच वेळा अनुभवलं.

मंजुरी कोण देतं?

आपल्या बँकांत मेकर-चेकर ही पद्धत मुरलेली आहे. एकानं व्यवहार भरायचा, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचा. एकाच आयडीनं दोन्ही करता येत नाही, कारण संगणकच नाही म्हणतो. एजंटच्या बाबतीत हा विचार आपल्याला नव्यानं शिकायची गरज नाही. मात्र चेकर खरोखर वेगळा असावा लागतो. एजंटचं काम तपासायला त्याच एजंटला बसवलं, किंवा धोका किती हे त्याच्याच शब्दांत ऐकून मंजुरी दिली, तर मेकर आणि चेकर एकच झाले. लेमकिन यांच्या एजंटनं ‘डेटा परत येणार नाही’ हे जितक्या आत्मविश्वासानं सांगितलं, तितक्याच आत्मविश्वासानं तो ‘या आदेशात धोका नाही’ असंही सांगू शकतो.

मंजुरीची जागाच ताब्यात गेली तर काय होतं, हे पुण्यानं पाहिलेलं आहे. ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. त्यात एआयचा संबंध नव्हता. एटीएमवरची मागणी बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे नेणाऱ्या स्विचच्या जागी हल्लेखोरांनी आपला बनावट स्विच उभा केला. मुख्य यंत्रणेला न विचारताच तो प्रत्येक मागणीला ‘मंजूर’ म्हणत राहिला. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशांच्या ‘स्विफ्ट’ व्यवस्थेतूनही रक्कम गेली आणि एकूण नुकसान सुमारे ९४ कोटींचं झालं. मंजुरी देणारी यंत्रणा मागणी करणाऱ्याच्या आवाक्यात असता कामा नये, हे यावरून शिकायचं.

माणसाकडून मंजुरी घ्यायचीच असेल तर ती क्वचित घ्यावी आणि नीट घ्यावी. दिवसाला शंभर प्रश्न विचारण्यापेक्षा तीन विचारावेत. त्या तिन्हींत आदेशाच्या ओळीऐवजी परिणाम दाखवावा: कुठला डेटाबेस, चालू की चाचणीचा, किती नोंदी जाणार, परत आणता येणार का. ही आकडेवारी एजंटकडून घेऊ नये, टूलनं स्वतः मोजून द्यावी.

पुणे-मुंबईच्या वाचकांना हा विषय परका वाटायचं कारण नाही. परदेशी कंपन्यांच्या चालू यंत्रणा सांभाळण्याचं कितीतरी काम हिंजवडी, खराडी, ऐरोलीतून चालतं, आणि रात्रपाळीतल्या मुलामुलींच्या हाती प्रॉडक्शनचे, म्हणजे चालू यंत्रणांचे, अधिकार असतात. आता त्यांच्या शेजारी एजंट येऊन बसतो आहे. बहुतेकदा तो त्यांच्याच आयडीनं काम करतो, म्हणजे त्यानं काही पुसलं तर नोंदवहीत नाव माणसाचं येतं. एजंटला स्वतःची वेगळी ओळख आणि वेगळे, कमी अधिकार देणं ही सुरक्षेची तर बाब आहेच, त्या मुलामुलींना न्याय देण्याचीही आहे.

कायदाही इथे लागू होतो. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यात डेटा-भंग म्हणजे केवळ माहिती फुटणं नव्हे; ती चुकून नष्ट होणं किंवा हाताशी न राहणं हेही त्यात मोडतं. वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्या संस्थेला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूदही त्यात आहे. ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. एजंटनं काय मागितलं, कुणी मंजूर केलं आणि काय चाललं, याची नोंद एजंटला पुसता येणार नाही अशा जागी नसेल, तर सहा तासांत कळवणार काय?

कुंपणाच्या आत मोकळीक

यावर प्रोग्रॅमर मंडळींची हरकत रास्त आहे. एवढी बंधनं घातली तर एजंटचा उपयोग काय? दर पावलाला अडायचं असेल तर काम आपणच केलेलं बरं. सॉल्टझर-श्रोडर यांनी सोपेपणाचा आग्रह धरला तो यासाठीच. जाच होणारं कुलूप लोक उघडंच ठेवतात.

पण मजबूत कुंपणामुळे जाच कमी होतो. सँडबॉक्स वापरायला लागल्यावर कंपनीतल्या वापरात परवानगीचे प्रश्न ८४ टक्क्यांनी कमी झाले, असं अँथ्रोपिकनं २०२५मध्ये सांगितलं. कारण उघड आहे. आत काहीही केलं तरी बाहेर धक्का लागत नसेल, तर आत विचारायचं कशाला? डेटाबेसची प्रत देऊन ‘हवं ते कर’ म्हणता येतं. प्रत बिघडली तर टाकून द्यायची. एजंटला खरी मोकळीक मिळते ती तिथेच, आणि शेजारी बसलेला माणूसही निर्धास्त राहतो. मॉडेल अधिक हुशार होतील तेव्हा ही गरज उरणार नाही, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्या सर्वांत विश्वासू, सर्वांत अनुभवी कॅशिअरलाही आपण मेकर-चेकरमधून सूट देत नाही, आणि त्यात त्याचा अपमान आहे असं तोही मानत नाही.

येत्या काळात पतसंस्था, रुग्णालयं, महापालिका, शाळा यांच्या दारात एजंट विकणारे येणार आहेत. काही आलेही असतील. एजंटला काय काय येतं हे ते दाखवतीलच, आणि ते पाहून थक्कही व्हायला होईल. विकत घेणाऱ्यानं त्यांना उलटं विचारावं. याला काय करताच येत नाही? ते नेमकं कुठे अडवलं आहे: मॉडेलच्या सूचनांत, की डेटाबेसच्या अधिकारांत? त्यानं पुसलेलं किती दिवस परत आणता येतं, आणि ते शेवटचं कधी आणून पाहिलं? त्याची किल्ली बॅकअपला लागते का? उत्तरादाखल ‘आम्ही त्याला तसं सांगून ठेवलं आहे’ एवढंच ऐकायला मिळालं, तर करारावर सही करू नये.